कपाळावरची मतं

आधी माफी मागून घेते. माझं अक्षर वाईट आहे. ओळ सुरू होते तिथून सरळ निघते आणि पानाच्या टोकाला पोचेपर्यंत उतारावरच्या बैलगाडीसारखी खाली जाते. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीत जमलं नाही आणि चौथीनंतर शाळाच नव्हती. वाचताना एखादी वेलांटी बरोबर जागी दिसली तर ती माझी नाही, नंतर कुणीतरी सुधारली आहे असं समजा.

लिहायचं कारण एवढंच की बचत गटातल्या ज्या बायका नाशिकला आल्या नव्हत्या त्या सारख्या विचारतात, तिथे झालं काय. चार जणींसमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. भागा मावशी सांगते, पण तिच्या सांगण्यात दर वेळी हॉल मोठा होतो आणि मावशीही मोठी होते. म्हणून जसं झालं तसं वहीत लिहून ठेवते. कुणाला वाचायला द्यायचं ते मागाहून बघू.

आमचं गाव पेठ रोडच्या आत, डोंगराच्या कडेला. नाशिक आम्हाला लांब नाही, पण सोपंही नाही. प्राजू, म्हणजे माझी मुलगी, तिला बारावीला चांगले मार्क पडले म्हणून नाशिकला कॉलेजात घातली होती. दिवाळीला घरी आली ती परत गेलीच नाही. ताप नाही, भांडण नाही. भिंतीकडे तोंड करून पडायची. जेवायला वाढू का म्हटलं की ‘ठेव’ म्हणायची, आणि नाही वाढलं तरी काही म्हणायची नाही. हीच पोरगी आधी कशी होती? दुकानदाराने सुट्ट्या रुपयाच्या बदल्यात गोळी दिली तर गोळी परत देऊन रुपया घेऊन यायची. दुकानदार तिला लांबून बघून गल्ला उघडायचा.

गावच्या डॉक्टरने सलाईन लावली. सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळल्या. जाऊबाई म्हणाल्या, लग्न करून टाका, आपोआप उठेल. शेवटी लताताईने (ती आमच्या गावची आशा, सरकारी दवाखान्याचं गावातलं काम बघते) सांगितलं की तालुक्याच्या दवाखान्यात मनाच्या दुखण्यावर बोलणाऱ्या एक बाई बसतात, सोमवारी घेऊन जा. गेलो. बाई चांगल्या होत्या. घरात महिनाभर बोलली नसेल तेवढं प्राजू त्यांच्याशी बोलली. पण खोलीच्या दारावर भली मोठी पाटी, दाराशी बाक, आणि बाकासमोर केसपेपरची रांग. रांगेतल्या माणसांना बघायला दुसरं काही नाही, बाकावरचंच माणूस. त्या रांगेत जाऊबाईंची बहीण होती. आम्ही घरी पोचायच्या आत हातपंपावर बातमी पोचली, प्राजीला वेडाच्या डॉक्टरकडं नेली व्हती म्हणं.

“मी परत तिथे येणार नाही, आई,” प्राजू म्हणाली. त्यानंतर मी दोनदा विचारलं. तिने मान हलवली, बास.

अशात लताताई एक दिवस सांगत आली की नाशिकला मोठी मीटिंग आहे. तरुण पोरांच्या मनाच्या दवाखान्यांची सगळी रचना बदलायची आहे आणि ती लोकांना विचारून बदलायची आहे.

“लोक म्हणजे कोण?” मी विचारलं.

“तू. भागा मावशी. गटातल्या बाया. मला वरून सांगितलंय, दहा बाया आणा.”

मला हसू आलं. आजवर मला घरात एवढंच विचारलंय की मीठ किती टाकलं, तेही भाजी खारट झाल्यावर. पण मनात एक गोष्ट बरेच दिवस होती. म्हटलं, जावं. आपण बोलणार नाही, पण कुणाच्या तरी कानात सांगू, आणि ती बोलेल.

जाण्यायेण्याचा खर्च आधी आपण करायचा, मग तो परत मिळणार होता. महिन्याअखेर होती, घरात पैसे नव्हते. प्राजूच्या डब्यात तिचे स्वतःचे पैसे असतात. मी तीनशे मागितले.

“घे,” ती म्हणाली. कशाला नाही, कधी देशील नाही. रुपयासाठी दुकानात परत जाणारी माझी पोरगी. तिने हिशेब विचारला असता तर मला बरं वाटलं असतं.

“नाशिकवाल्यांनी दिले की तुला देते,” मी आपणहून म्हटलं. ती तोवर भिंतीकडे वळली होती.

निघायच्या सकाळी फाट्यावर दहा जणी जमलो. आमचे हे, प्राजूचे वडील, ट्रॅक्टर घेऊन चालले होते, ते थांबून म्हणाले, “मीटिंगला जेवण असतं का?” असतं म्हटल्यावर त्यांचा मीटिंगवर विश्वास बसला. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे गाडीत पुरुष उभे आणि बायका बसलेल्या. भागा मावशी खिडकीशी बसली. मावशीला सत्तरी जवळ आली आहे, दात थोडे आहेत आणि आवाज सगळा शाबूत आहे. शेजारच्या अनोळखी माणसाने विचारलं, “एवढ्या बाया कुठं निघाल्या, लग्नाला?”

“सरकारला सल्ला द्यायला,” मावशी म्हणाली. तो माणूस पुढच्या थांब्यावर उतरला. त्याचं गाव तेच होतं की नाही कोण जाणे.

सावळ घाट उतरताना पळस फुललेला होता. पुढे डोंगर मागे पडले आणि द्राक्षांच्या बागा लागल्या. बागेतल्या बाया काम थांबवून गाडीकडे बघत होत्या. रोज मी त्यांच्यात असते आणि गाडीकडे बघते. आज मी गाडीत होते. खिडकीतून बाग फार नीटनेटकी दिसते, कंबर दुखत असलेली दिसत नाही.

पंचवटी आली तशी मावशी उठली. “मी इथंच उतरते. गंगेत पाय धुते आन मग येते सल्ला द्यायला.” (गोदावरीला आम्ही सगळे गंगाच म्हणतो.) लताताईने तिचा पदर धरून खाली बसवलं. “मावशी, येताना. आता उशीर झाला तर तिथली हजेरीची सही जाईल.” 

सीबीएसला, म्हणजे मोठ्या स्टँडवर उतरलो तिथे गर्दीत आमच्यातल्या दोघी दुसऱ्याच बायकांच्या मागे त्र्यंबकच्या गाडीपर्यंत गेल्या. त्यांना परत आणल्यावर लताताईने नियम घालून दिला. “हे बघा, वत्सलाचं पातळ पोपटी हाय, लांबून दिसतं. दिवसभर वत्सला जिथं जाईल तिथं समद्यांनी जायचं. तिला सोडायचं नाय.” मी लाजून मेले. पण हा नियम पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडला म्हणून लिहून ठेवते.

तिथून दोन रिक्षांत बसून गंगापूर रोडला गेलो. रिक्षावाल्याने नाव ऐकून आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं. “मावशी, तिकडं तर मोठी हॉटेलं हायेत. कामाला का?”

“सल्ल्याला,” भागा मावशी म्हणाली.

हॉटेलचं दार काचेचं होतं आणि आपोआप उघडत होतं. आम्ही आत जायला गेलो की ते उघडायचं, आम्ही दचकून मागे सरलो की मिटायचं. असं तीन वेळा झाल्यावर दारावरचा माणूस हात जोडून म्हणाला, “आता या.” आत गारठा होता. बाहेर बाग करपेल एवढं ऊन आणि आत पदर दोनदा गुंडाळून बसावं लागेल एवढी थंडी. तरुणांच्या मनाचं काय करायचं ते इतक्या थंडीत ठरवतात, हे मला ठाऊक नव्हतं.

भिंतीवर मोठा फ्लेक्स लावला होता. त्यावर एक गोरी मुलगी दोन्ही हातांत डोकं धरून बसलेली, आणि खाली लिहिलं होतं, ‘तरुणांचं मन, समाजाचं नियोजन’. मुलीचे केस इतके छान विंचरलेले होते की मला आधी ती शाम्पूची जाहिरात वाटली. प्राजूचे केस तेव्हा कितीतरी दिवस विंचरायचे राहिले होते.

गोल टेबलांवर नावाच्या पाट्या होत्या. ‘शिक्षक’, ‘आरोग्य कर्मचारी’, ‘पालक’, ‘युवा प्रतिनिधी’. युवा प्रतिनिधींचं टेबल सगळं रिकामं. इरा मॅडम म्हणून एक चुणचुणीत मुलगी सगळी व्यवस्था बघत होती, संस्थेतर्फे पुण्याहून आलेली. तिने सांगितलं, मुलांच्या परीक्षा आहेत. तारीख ठरवताना ते लक्षात आलं नाही. भागा मावशीला थंडी सोसेना. तिने बघितलं की युवांचं टेबल तेवढं खिडकीशी, उन्हात आहे. गेली आणि बसली. एका बाईने येऊन तिच्या पदराला ‘युवा’ लिहिलेला बिल्ला लावला. आधी बिल्ला लावला, मग तोंड बघितलं, आणि मग लावलेला काढायचा कसा म्हणून तशीच निघून गेली.

डॉक्टरसाहेब बोलायला उठले. ते मुंबईचे होते आणि मनाने भले वाटले. म्हणाले, “आज आम्ही बोलणार नाही. आज आम्ही फक्त ऐकायला आलो आहोत.” आणि मग ते जेवणापर्यंत बोलले. पडद्यावर चित्रं बदलत होती. एका चित्रावर मथळा आला, ‘समाजाने केलेल्या सूचना’, आणि खाली सात सूचना.

“आपण कधी केल्या गं ह्या?” भागा मावशीने खिडकीजवळून हाक मारून विचारलं.

“गप बसा मावशी,” लताताई दबक्या आवाजात म्हणाली, “जेवणानंतर करायच्या असतील.”

मध्येच इरा मॅडमने एक खेळ घेतला. प्रत्येकीने आपलं मन आज कोणत्या रंगाचं आहे ते सांगायचं. शिक्षक मंडळींनी निळा, शांत, आशेचा पिवळा असं सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मी पदर तोंडाशी धरला, तर मॅडमने स्वतःच ‘पोपटी’ लिहून घेतलं.

“आणि आपल्या युवा प्रतिनिधी?” बिल्ला वाचत मॅडम म्हणाल्या आणि वर बघून अडखळल्या.

“जांभळा,” मावशी म्हणाली.

“का बरं?”

“पोरगा नाय घरात? त्याच्या चेहऱ्याचा रंग. सातपूरला कंपनीत ठेकेदाराकडं होता. ठेकेदारानं काढला, तवापासून बोलत नाय कुणाशी. नातू हाय माझा. चोवीस वर्षांचा.”

हॉलमधल्या सगळ्या माना मावशीकडे वळल्या. मला वाटलं, आता मीटिंग सुरू झाली. पण डॉक्टरसाहेबांनी घड्याळ बघितलं, म्हणाले, “फार महत्त्वाचा मुद्दा. यावर आपण नंतर येऊ,” आणि जेवण लागलं.

जेवणाबद्दल लिहिल्याशिवाय गट मला सोडणार नाही. पनीर दोन तऱ्हेचं होतं. एक लाल, एक पांढरं. भाकरी नव्हती. पांढऱ्या रश्श्यात शिजवलेल्या नळ्या होत्या, त्याला चव नव्हती, पण त्या पोकळ असल्यामुळे त्यांच्यातून रस्सा ओढता येतो हे आमच्यातल्या एकीने शोधलं आणि मग सगळ्यांनी घेतल्या. गुलाबजाम चांगले होते. मी दोन खाल्ले आणि प्राजूची आठवण आली म्हणून तिसरा घेतला नाही. घेतला असता तर तो काही तिला मिळणार नव्हता, पण नाही घेतला.

जेवताना मी लताताईच्या कानाशी लागले. म्हटलं, “ताई, माझं एक सांगशील का? तू बोल, माझं नाव नको घेऊस.”

“काय ते?”

मी सांगायला लागले, इतक्यात तिला कुणीतरी सहीला बोलावलं. ती गेली ती गेलीच. आशांच्या सह्या तीन ठिकाणी असतात.

जेवणानंतर सगळे सुस्त. अशा वेळी एक बाई हातात ताट घेऊन आली. ताटात गुलाबाची फुलं होती, पेढे होते आणि लाल गोल चकत्यांचे कागद होते. मागून चिकट, टिकलीएवढ्या. एकेकीला फूल, पेढा आणि तीन लाल चकत्या देत ती पुढे गेली. इरा मॅडम म्हणाल्या, “सगळ्यांनी घ्या, काय करायचं ते येऊन सांगते,” आणि फोन आला म्हणून बाहेर गेल्या.

काय करायचं ते आम्हाला सांगायची गरज होती का? एवढी वर्षं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणाच्या दारात गेलं आणि तिने ताट पुढे केलं तर काय करायचं ते आम्हाला पाठ आहे. पेढा तोंडात घातला, फूल डोक्यात खोचलं आणि लाल चकती कपाळाला लावली. उरलेल्या दोन घरी न्यायला हाताच्या काकणामागे चिकटवल्या. मला तर त्या टिकल्या आवडल्या. ठसठशीत होत्या. ‘शिक्षक’ टेबलावरच्या दोन बायकासुद्धा आमचं बघून लावून बसल्या.

मॅडम आल्या. भिंतीवर तीन मोठे कागद लावलेले होते. एकावर ‘मोबाईल ॲप’, दुसऱ्यावर ‘फोनवर सल्ला’, तिसऱ्यावर ‘जिल्ह्याच्या ठिकाणी नवीन केंद्र’. मॅडमनी कागदांकडे बघितलं. कोरे. मग आमच्याकडे बघितलं. आम्ही सगळ्या त्यांच्याकडे बघून हसलो.

“ती... ती मतं होती,” मॅडम म्हणाल्या. “तुम्हाला जो पर्याय पटेल त्या कागदावर चिकटवायची होती.”

डॉक्टरसाहेब म्हणाले, “हरकत नाही. काढा आणि चिकटवा.”

काढली. पण कपाळाला पावडर होती, तेल होतं. मतं काही कागदावर बसेनात. एकेक मत चिकटायचं आणि भिंतीवरून घरंगळत खाली यायचं. भागा मावशीने आपलं काढलंच नाही. “सवाष्णीसारखं दिसतंय कितीक वर्षांनी, राहू दे,” म्हणाली. मावशीचे यजमान जाऊन पुष्कळ वर्षं झाली.

शेवटी मॅडमनी सांगितलं, “ठीक आहे, आपण असं करू. जो पर्याय आवडला त्याच्यासमोर जाऊन उभं राहा.”

मी घड्याळ बघितलं. आमची सोयीची एसटी चुकली तर पुढची अंधारात पोचते. लताताई दाराशी सही करत होती. तिला विचारावं म्हणून मी उठले आणि दाराकडे निघाले. मागे बांगड्या वाजल्या. वळून बघते तर पोपटी पातळाच्या मागे आमच्या गावच्या सगळ्या बाया. सकाळचा नियम! मला सोडायचं नाही. कपाळावर लाल मतं लावून त्या एका रांगेत माझ्यामागे चालत आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. तिथे कुठलाच कागद नव्हता.

डॉक्टरसाहेबांचा चेहरा उजळला. “चौथा पर्याय! हे फार महत्त्वाचं आहे. या गटाला तिन्ही नको आहेत. काय म्हणायचं आहे आपल्याला?” आणि माईक माझ्या तोंडाशी आला.

मी आयुष्यात माईक धरला नव्हता. मला म्हणायचं होतं, एसटी. सगळा हॉल बघत होता. मला केसपेपरची रांग आठवली. ते सगळेही असेच बघत होते. मग मनात सकाळपासून, खरं तर कितीतरी दिवसांपासून जे होतं तेच बाहेर आलं.

“बाजाराच्या दिवशी,” मी म्हटलं.

“म्हणजे?”

मागून कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला, कोण ते मी बघितलं नाही. “दवाखाना आहे तिथेच राहू दे. बाई पण चांगल्या आहेत. फक्त त्यांना बाजाराच्या दिवशी बसवा. सोमवारी पोरगी गाडीत बसली की सगळं गाव विचारतं, कुठे चाललीस. बाजाराच्या दिवशी कुणी विचारत नाही. हातात पिशवी असली की झालं. आणि ती खोली नको, मागच्या बोळातली द्या. बोळ बाजारात उघडतो.”

इरा मॅडम पुढे आल्या. “पण ताई, बाजाराच्या दिवशी तर ओळखीची माणसं जास्त भेटतील ना?”

“भेटू देत ना. सगळे सगळीकडेच असतात. कोण कुठे शिरलं ते कोण बघतं? ज्याचं त्याचं लक्ष भावाकडे.” मग मला पुढे बोलवेना, तरी बोलले. “माझी मुलगी येईल मग. आता येत नाही.”

एवढंच. माईक परत दिला. डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणून पुढचं नीट दिसलं नाही. डॉक्टरसाहेब म्हणाले, ही सूचना नवीन आहे पण पडद्यावरच्या सातांत बसत नाही, कुठे बसवायची ते बघावं लागेल. भागा मावशी खिडकीशी उभी राहिली. बिल्ला दाखवत म्हणाली, “युवांचं मत तेच हाय. आमच्या नातवाला बी सोमवारी नाय जमत, बाजाराला जमतं. लिवा.” इरा मॅडम मात्र दाराशी खाली बसल्या आणि लिहायला लागल्या. मला परत विचारलं, बोळ कुठला, बाजार कधी भरतो, कधी उठतो. लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. 

निघताना प्रवासखर्चाचं विचारलं. पैशांच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, तिकिटं द्या, आधारची झेरॉक्स द्या, पासबुकाची द्या आणि एक रद्द केलेला चेक द्या. आमच्यात कुणाकडे चेक नव्हता. चेकच नाही तर रद्द काय करणार? तो म्हणाला, नियम आहे, पण शेवटी चेकच्या जागी पासबुकावर भागवलं. झेरॉक्सला पैसे गेले. रिक्षावाल्याने पावती दिली नव्हती, म्हणून रिक्षाचे पैसे बसले नाहीत. लोकांना विचारून नियोजन करायचं, पण लोकांनी पावती ठेवली पाहिजे.

परत येताना पंचवटीत उतरलो, मावशीच्या पायांसाठी. घाटावर तिने गंगेत पाय सोडले आणि बराच वेळ बसली. कपाळावर मत होतंच. एक पुजारी जवळ येऊन म्हणाले, “आजी, संकल्प करायचा का?”

“झाला सकाळीच,” मावशी म्हणाली. “वातानुकूलित.”

भाजीबाजारातून बाहेर पडताना मी वीस रुपयांचा चिवडा घेतला, प्राजूसाठी. पैसे तिचेच होते, तरी घेतला. पेठ नाक्यावर एसटी मिळाली. उभ्याने आलो. घाट चढताना सगळ्या दांडीला धरून पेंगत होत्या. मी विचार करत होते की आपण काय केलं आज? एवढ्या लांब गेलो, थंडीत बसलो, नळ्या खाल्ल्या. नियोजन तर आधीच छापून झालं होतं, आमची फक्त कपाळं पाहिजे होती फोटोला. पण मी बोलले. आणि ज्या मुलीने खाली बसून लिहून घेतलं तिने खोटं ऐकलं असं मला वाटलं नाही. दोन्ही खरं होतं. कुठलं जास्त खरं ते घाट संपला तरी ठरलं नाही.

प्राजू जागी होती. चिवड्याची पुडी तिच्याजवळ ठेवली. सकाळी पुडी अर्धी झालेली होती. कुणी खाल्ला ते मी विचारलं नाही.

पावसाळ्यात अहवाल आला. लताताईने मोबाईलवर दाखवला. पहिल्याच पानावर भागा मावशीचा फोटो, कपाळावर लाल मत, खाली ‘युवा प्रतिनिधी आपली भूमिका मांडताना’. सूचना सातच्या सातच होत्या. पण एकदम शेवटी, बारीक अक्षरात, आठवी होती. बाजाराच्या दिवशी, मागची खोली.

आणि ते झालं. कसं झालं मला माहीत नाही, पण झालं. पहिल्या बाजाराला मात्र घात होता होता राहिला. बोळाच्या तोंडावर तोच फ्लेक्स टांगला होता, डोकं धरलेल्या गोऱ्या मुलीचा, आणि जीपवरचा भोंगा ओरडत होता, “मनाच्या आजारासाठी न लाजता पुढे या!” त्या दिवशी त्या बोळातून भाजीवालेसुद्धा गेले नाहीत. मी प्राजूला आणलंच नव्हतं, एकटीच बघून परत आले.

पुढच्या बाजाराला लताताईने भोंगा बंद करवला. फ्लेक्स कुठे गेला ते कुणालाच माहीत नाही. दवाखान्यातल्यांनी सगळीकडे विचारलं. मी एवढंच लिहिते की यंदा गावात सगळ्यांच्या गोवऱ्या भिजल्या, भागा मावशीच्या कोरड्या राहिल्या. 

त्याच्या पुढच्या बाजाराला मी प्राजूला म्हटलं, “लसूण आणायचाय, येतेस?” तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. तिला सगळं कळत होतं. उठली, केस बांधले, पिशवी घेतली. गाडीत जाऊबाई भेटल्या. “कुठं, बाजाराला?” म्हणाल्या आणि उत्तराची वाटही न बघता बटाट्याच्या भावाबद्दल बोलायला लागल्या. बाजारात मी लसणीवाल्याजवळ उभी राहिले. प्राजू गर्दीतून बोळात गेली. कुणी मान वळवून बघितलं नाही. मावशीचा नातू आधीच तिथे होता, त्याच्या पिशवीतून मुळ्याची पानं बाहेर आलेली. मी लसूण इतका निवडला की लसणीवाला चिडला. “मावशी, पाकळ्या मोजून घेता का?” किती वेळ गेला माहीत नाही. प्राजू आली, पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “पुढच्या वेळी मिरची पण घेऊ.”

पुढच्या वेळी. मी मान वळवली, नाहीतर रस्त्यात रडले असते.

असे बरेच बाजार झाले. एकदम बरं होत नाही हे. मध्ये दोन आठवडे ती परत भिंतीकडे वळली होती. पण परत उठली. ही वही तिच्या हाती लागली, तिने लाल पेन घेतला आणि वेलांट्या सुधारल्या. वाचलं सगळं, स्वतःबद्दलचंही. मी विचारलं, “खोडू का ते?” म्हणाली, “राहू दे. पण ‘चुणचुणीत’ चूक लिहिलंयस.”

नाशिकचे पैसे दिवाळी तोंडावर आली तेव्हा खात्यावर आले. रिक्षा नाही, झेरॉक्स नाही, पण आले. त्यात मजुरीचे घातले आणि प्राजूच्या समोर नोटा ठेवल्या. तिने त्या उचलल्या, बोटाला थुंकी लावून मोजल्या, मग माझ्याकडे बघितलं.

“आई, वीस कमी आहेत.”

“वीस तुझ्या चिवड्याचे.”

“मी सांगितला होता आणायला? आणि अर्धा तर तूच खाल्लास, मी बघितलंय.”

“मग दहा घे.”

“तीनशे नेलेस, तीनशे दे.”

हात पुढे करून उभी राहिली, लहानपणी दुकानासमोर उभी राहायची तशी. मी कनवटीची गाठ सोडली, विसाची नोट काढली आणि तिच्या हातावर ठेवली. तिने ती उजेडात धरून बघितली, डब्यात टाकली आणि झाकण लावलं. पूर्ण फिटले.